विश्लेषण : फिगर, हॉकी आणि स्पीड स्केटिंगचे स्केट वेगवेगळे का असतात?

फेब्रुवारी १९९८. जपानमधील नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सच्या जियानी रोमे याने १० हजार मीटरची शर्यत १३ मिनिटे १५.३३ सेकंदांत संपवली. चार वर्षांपूर्वी लिलहॅमर ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेच्या योहान ओलाव्ह कॉस याने याच अंतराचा विश्वविक्रम केला होता. त्याची वेळ होती १३ मिनिटे ३०.५५ सेकंद. फरक १५ सेकंदांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण रोमेच्या त्या दिवशीच्या वेगाने हिशेब केला तर १५ सेकंदांत साधारण १९० मीटर अंतर कापले जाते. म्हणजे दोघे एकाच वेळी धावले असते, तर कॉस जवळपास अर्धी फेरी मागे राहिला असता.

माणूस चार वर्षांत इतका बदलत नाही. बदलले होते ते पायातले स्केट. त्यात एक बिजागरी आली होती. ही बिजागरी हॉकीच्या स्केटमध्ये नसते, फिगर स्केटमध्ये नसते आणि छोट्या ट्रॅकच्या शर्यतीत तर तिला परवानगीच नाही. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी बुटाखालच्या पट्टीकडे, म्हणजे पात्याकडे पाहावे लागते.

स्केट नेमके करतो काय?

पात्याला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. लांबीच्या दिशेने त्याने बर्फावरून जवळपास विनाअडथळा घसरायचे आणि आडव्या दिशेने मात्र बर्फाला घट्ट धरून ठेवायचे. स्केटर पाय मागे ढकलत नाही, बाजूला ढकलतो. पाते आडवे सरकले नाही म्हणूनच त्या धक्क्याने शरीर पुढे जाते.

उत्तर युरोपातील सर्वांत जुने स्केट जनावरांच्या हाडांचे होते. त्यांना धार नव्हती. ते फक्त घसरायचे, बाजूने पकड घ्यायचे नाहीत. म्हणून त्या काळचा माणूस हातातल्या काठीने स्वतःला पुढे रेटत असे. मध्ययुगात नेदरलँड्समध्ये लाकडी तळव्याला धारदार लोखंडी पाते जोडले गेले आणि काठी सुटली. आजचे स्केटिंग खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

शाळेत आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असते, की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्केट घसरतो. आकडेमोड केली तर हे उत्तर तोकडे पडते. ६० किलोची व्यक्ती एका पायावर उभी आहे, पाते ३ मिलिमीटर रुंद आहे आणि त्याचा १० सेंटिमीटर भाग बर्फाला टेकला आहे असे समजू. दाब येतो साधारण २० वातावरणांइतका. एवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू घटतो जेमतेम ०.१५ अंशाने. प्रत्यक्ष टेकलेला भाग याच्या दहापट लहान धरला, तरी दीड अंश. हॉकीचा बर्फ तर उणे ५-६ अंशांच्या आसपास ठेवतात. त्यामुळे दाबाचा वाटा छोटाच. पाते सरकताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही असणारा, पुरता न गोठलेला अतिशय पातळ थर ही दोन कारणे जास्त महत्त्वाची मानली जातात. परिणाम मात्र वादातीत आहे. डच संशोधकांनी स्पीड स्केटिंगच्या ट्रॅकवर मोजलेला घर्षणगुणांक ०.००५ च्या आसपास भरला. ६० किलोच्या माणसाला घर्षण मागे खेचते ते फक्त ३०० ग्रॅम वजनाइतक्या बळाने.

मग स्केटमध्ये रचना करायला उरते काय? तीन गोष्टी: पाते किती जाड, खालून किती वक्र आणि त्याच्या पोटात किती चर.

कागदाएवढा चर, सगळा फरक

हॉकीचा किंवा फिगरचा स्केट उलटा करून पाते नीट पाहिले, तर त्याचा तळ सपाट दिसत नाही. मधोमध लांबीभर एक उथळ चर असतो. त्यामुळे पात्याला एक नव्हे, दोन कडा मिळतात: आतली आणि बाहेरची. हा चर गोल दगडाने घासून काढतात आणि त्याचे माप दगडाच्या गोलाईच्या त्रिज्येत सांगतात. अर्धा इंच हे हॉकीतले नेहमीचे माप. पाते ३ मिलिमीटर जाड असेल, तर अर्ध्या इंचाच्या त्रिज्येने चराची खोली येते ०.०९ मिलिमीटर. आपल्या प्रिंटरच्या एका कागदाइतकी. त्रिज्या एक इंच केली की खोली निम्मी होते.

या अर्ध्या कागदासाठी खेळाडू धार लावणाऱ्याशी हुज्जत घालतात. चर खोल तर कडा अणकुचीदार, वळताना आणि थांबताना पकड जास्त. पण त्या बर्फात जास्त रुततात, त्यामुळे घसरण कमी. चर उथळ तर उलटे. वजनदार खेळाडूला उथळ चर पुरतो, कारण त्याचे वजनच कड रुतवते. बर्फ कडक असेल तर जास्त धार हवी, मऊ असेल तर कमी.

दुसरी गोष्ट वक्रतेची. बाजूने पाहिले तर पाते झोपाळखुर्चीच्या तळासारखे किंचित बाकदार असते. हॉकीत ही त्रिज्या साधारण ३ मीटर, लांब पल्ल्याच्या स्पीड स्केटमध्ये वीस मीटरहून अधिक. यातून काय फरक पडतो, ते दहावीच्या भूमितीने काढता येते. पाते बर्फात ०.१ मिलिमीटर रुतले असे मानले, तर ३ मीटर त्रिज्येच्या पात्याचा सुमारे ५ सेंटिमीटर भाग टेकतो. २२ मीटर त्रिज्येच्या पात्याचा १३ सेंटिमीटरहून जास्त. थोडा भाग टेकला की पाय भोवऱ्यासारखा वळतो. जास्त भाग टेकला की वजन विभागले जाते, पाते कमी रुतते आणि रुळावर असल्यासारखे सरळ जाते. पण त्याला वळवणे अवघड.

हॉकी : थांबा, वळा, पुन्हा सुटा

आइस हॉकीचा खेळाडू बर्फावर एका वेळी साधारण पाऊण मिनिट असतो. तेवढ्यात तो अनेकदा पूर्ण वेगात सुटतो, जागीच थांबतो, उलटा धावतो. म्हणून त्याचे पाते आखूड, पुढून-मागून वर उचललेले आणि बऱ्यापैकी वक्र. बूट कडक, घोट्याला आधार देणारा आणि रबरी पकाचा मार सोसणारा. पाते बुटाला थेट नसते; प्लास्टिकच्या उंच धारकात बसवलेले असते. अलीकडच्या धारकांत खटका दाबला की पाते निघते. सामन्यात धार बोथट झाली, तर बाकावर बसल्या बसल्या काही सेकंदांत नवे पाते चढते. क्रिकेटमध्ये बॅट बदलावी तसे.

गोलरक्षकाचा स्केट त्याच संघात असूनही वेगळा. त्याला धावायचे नसते, तर स्थिर उभे राहून बाजूला सरकायचे असते. त्यामुळे त्याचे पाते लांब, अधिक सपाट आणि बूट बर्फाच्या अधिक जवळ.

फिगर स्केटच्या पुढचे दात कशासाठी?

फिगर स्केट ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे पात्याच्या पुढच्या टोकाला असलेले करवतीसारखे दात. त्यांना टो पिक म्हणतात. नवशिक्यांचा गैरसमज असा, की हे ब्रेक आहेत. तसा वापर केला तर माणूस तोंडावर आपटतो. ज्या रिंकवर स्केट भाड्याने मिळतात तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: फिगर स्केट मिळाले, तर चवड्यावर झुकून चालायचे नाही.

दातांचे खरे काम उडीचे. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या उड्यांत स्केटर मोकळ्या पायाचे दात बर्फात रोवतो आणि पोल व्हॉल्टमधल्या बांबूसारखा त्याचा टेकू घेतो. उरलेल्या तीन प्रमुख उड्या, म्हणजे अ‍ॅक्सेल, साल्को आणि लूप, कडेवरून घेतल्या जातात. तिथे दात असा टेकू देत नाहीत. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने २०२२ मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा साधलेली चार गिरक्यांची अ‍ॅक्सेल ही अशीच कडेवरची, तीही समोर तोंड करून घेतलेली उडी. म्हणून तिच्यात प्रत्यक्षात साडेचार गिरक्या भरतात. उतरणे मात्र सगळ्यांचे सारखे: एका पायावर, मागे जात, पात्याच्या बाहेरच्या कडेवर. त्या क्षणी पायावर येणारे बळ वजनाच्या पाच पटींपर्यंत किंवा त्याहूनही जास्त जाते. त्यासाठी पाते हॉकीपेक्षा जाड, सुमारे ४ मिलिमीटर, आणि बुटाच्या तळव्याला स्क्रूने पक्के बसवलेले.

या पात्याची वक्रता एकसारखी नसते. मुख्य भागाची त्रिज्या दोन-अडीच मीटर, पण चवड्याखाली, दातांच्या जरा मागे, ती अचानक लहान होते. गिरकी याच बोटभर जागेवर घेतली जाते. स्केटर थोडा पुढे सरकला तर दात अडकतात, मागे गेला तर गिरकी भरकटते. आइस डान्समध्ये जोडीदार एकमेकांच्या पायात पाय घालून वेगाने सरकतात, म्हणून त्यांच्या पात्याची मागची शेपटी आखूड ठेवलेली असते. नाहीतर एकाच्या पात्यावर दुसऱ्याचे पाते पडायचे.

नावातले ‘फिगर’ मात्र आता फक्त नावापुरते उरले आहे. बर्फावर आठचा आकडा आणि वर्तुळे कोरण्याची सक्तीची फेरी १९९० च्या मोसमानंतर जागतिक स्पर्धांतून गेली. त्या फेरीसाठी खेळाडू वेगळे स्केट वापरत. चर उथळ आणि दात छोटे, म्हणजे रेघ स्वच्छ उमटायची.

बिजागरीची गोष्ट

आता पुन्हा नागानोकडे. चारशे मीटरच्या ट्रॅकवरील स्पीड स्केटचे पाते ४० सेंटिमीटरच्या आसपास लांब, एक-सव्वा मिलिमीटर जाड आणि चराशिवाय, सपाट धारेचे असते. दोन्ही स्केट एका साच्यात शेजारी उलटे बसवायचे आणि त्यावरून हाताने दगड फिरवायचा, ही धार लावायची पद्धत. स्केटर हे काम बहुधा स्वतः करतात. बूट घोट्याच्या खालीच संपतो.

जुन्या स्केटमध्ये हे लांब पाते पुढे-मागे दोन्हीकडे बुटाला पक्के जोडलेले असे. अडचण तिथेच होती. धावताना किंवा उडी मारताना आपण शेवटच्या क्षणी टाच उचलून चवड्याने जमीन ढकलतो. स्केटरने तसे केले तर पात्याचे लांब टोक बर्फात घुसणार, वेग मोडणार. म्हणून स्केटरला घोटा आवळून ठेवायला शिकवले जाई. त्याचा दुसरा तोटा असा, की गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच पाते बर्फावरून उचलावे लागे. पायात ताकद शिल्लक असताना धक्का संपायचा.

अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे संशोधक खेरित यान फान इंगेन स्केनाऊ यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय शोधला. पाते फक्त चवड्याखाली बिजागरीने जोडायचे, टाच मोकळी सोडायची. टाच उचलली तरी पाते पूर्ण लांबीने बर्फावर पडून राहते. धक्का संपला की स्प्रिंग त्याला टाचेकडे ओढते आणि ‘टप्’ असा आवाज होतो. डच भाषेत ‘क्लाप’ म्हणजे असाच आघात, टाळी. त्यावरून नाव पडले क्लॅप स्केट. कल्पना अगदी नवी नव्हती. बिजागरीच्या स्केटचे एक पेटंट जर्मनीत १८९४ मध्येच घेतले गेले होते.

मला या गोष्टीतला सर्वांत रंजक भाग वाटतो तो पुढचा. व्हायकिंग या डच कंपनीच्या मदतीने स्केट तयार झाले, गणित कागदावर होते, तरी जवळपास दहा वर्षे अव्वल खेळाडूंनी त्याला हात लावला नाही. कारणही समजण्यासारखे आहे. लहानपणापासून घोटा आवळायला शिकलेल्या माणसाला मोसमाच्या मधोमध पाय वापरण्याची पद्धत बदलायला सांगणे, हा जुगार होता. तो आधी खेळला कनिष्ठ स्केटरांनी. १९९४-९५ च्या मोसमात दक्षिण हॉलंडमधील ११ कनिष्ठ स्केटर या स्केटवर उतरले आणि त्यांच्या वेळेतील सुधारणा इतर कनिष्ठ स्केटरांच्या दुपटीहून अधिक भरली. त्यानंतर डच महिला वळल्या. १९९७ मध्ये टोनी द योंग क्लॅप स्केटवर युरोपीय विजेती झाली, तीही जर्मनीच्या बलाढ्य गुंडा नीमानला मागे टाकून. मग पुरुषांची घाई सुरू झाली. हे स्केट नियमात बसते का, असा वादही झाला. आंतरराष्ट्रीय संघटनेने बंदी घातली नाही आणि नागानोत जुन्या स्केटचे युग संपले.

रोमेचे १५ सेकंद सगळे बिजागरीच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. डच संघाने त्या वेळी पोशाखावर हवेचा रोध कमी करणाऱ्या खरबरीत पट्ट्याही चिकटवल्या होत्या. शिवाय सुरुवातीचे स्पष्टीकरण, की पोटरीचा स्नायू कामाला लागतो म्हणून वेग वाढतो, तेही अपुरे निघाले. नंतरच्या मोजमापांनी लक्ष वेधले ते टेकूच्या जागेकडे. जुन्या स्केटमध्ये धक्क्याच्या अखेरीस पाय पात्याच्या पुढच्या टोकाभोवती फिरायचा. म्हणजे टेकू बोटांच्याही पुढे. बिजागरीने तो चवड्याखाली आणला. तरफेचा टेकू सरकला की तेवढ्याच ताकदीत जास्त काम होते. इथे गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे काम बर्फापर्यंत पोहोचू लागले. फान इंगेन स्केनाऊ यांचे निधन नागानोनंतर काही आठवड्यांतच, १९९८ मध्ये झाले. आपली बिजागरी जिंकलेली त्यांना पाहता आली.

शॉर्ट ट्रॅकमध्ये मनाई का?

शॉर्ट ट्रॅकची फेरी फक्त १११.१२ मीटरची. हॉकीच्याच मैदानात, अनेक खेळाडू एकत्र, सतत डावीकडे वळत. इथे ‘सरळ जा’ म्हणणारे पाते उपयोगाचे नाही, म्हणून त्याची वक्रता लांब ट्रॅकच्या स्केटपेक्षा जास्त. एवढेच नाही, दोन्ही पाती बुटाच्या मध्यरेषेपासून डावीकडे सरकवलेली असतात आणि वळणाला साजेशी हलकी वाकवलेलीही असतात. खेळाडू इतका झुकतो, की हात बर्फाला टेकतो. त्या झुकावात बुटाची कड बर्फाला लागली तर पाते उचलले जाईल, म्हणून बूट पात्यापासून उंच बसवलेला.

या गर्दीत क्लॅप स्केटचे मोकळे पाते धोकादायक. त्यामुळे पाते बुटाला पक्के असलेच पाहिजे आणि त्याची टोके गोल घासलेली असली पाहिजेत, असा नियम आहे. खेळाडूंना हेल्मेट, गळपट्टी, हातमोजे आणि सहज न कापला जाणारा पोशाखही घालावा लागतो.

हॉकीने हा धडा उशिरा घेतला. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे नॉटिंगहॅम पँथर्सचा २९ वर्षांचा खेळाडू अ‍ॅडम जॉन्सन याच्या गळ्याला सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचे पाते लागले आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत गळ्याचे संरक्षक कवच सक्तीचे केले. कवच अनेक वर्षे बाजारात होते. प्रौढ खेळाडू ते गैरसोयीचे म्हणून टाळत होते.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे नैसर्गिक बर्फावरचा खेळ म्हणजे मुख्यतः लडाख. तिथल्या सुरुवातीच्या हॉकीपटूंनी लष्करी बुटांखाली लोखंडी पाती ठोकून स्केट बनवल्याचे किस्से आजही सांगितले जातात. पुढे परदेशातून देणगीदाखल आलेल्या जुन्या किटवर एक पिढी खेळली. जुन्या स्केटची गोम अशी, की प्रत्येक धारेबरोबर पाते थोडे झिजते आणि आधीच्या मालकाने घासलेली वक्रता नव्या पायाला मिळते. या परिस्थितीतून आलेल्या, बहुतांश लडाखी मुलींच्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकाचे कांस्यपदक मिळवले.

महाराष्ट्रातून बर्फावर जाणारी मुले बहुधा चाकांवरून येतात. इनलाइन स्केटिंगचे क्लब आपल्या शहरांत बऱ्यापैकी आहेत आणि बाजूला ढकलण्याचे तंत्र दोन्हीकडे एकच. अमेरिकेचा चॅड हेड्रिक याच वाटेने येऊन २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये ५ हजार मीटरचा विजेता झाला. चाकांवर मात्र कड नसते. रबरासारख्या चाकाची पकड असते. ती सवय मोडून ०.०९ मिलिमीटरच्या चरावर विश्वास ठेवायला वेळ लागतो आणि त्यासाठी बर्फ लागतो. देहरादूनचा २०११ मध्ये बांधलेला रिंक अनेक वर्षे बंद होता. तो पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. क्लॅप स्केट ज्यावर चालवायचे, तो ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक मात्र देशात नाही. विश्वराज जडेजासारख्या लांब ट्रॅकच्या भारतीय स्केटरला सरावासाठी नेदरलँड्स गाठावे लागले, ते त्यामुळेच.